पदवीविना आयटीत, तेही जर्मनीत

सिस्कोची सीसीएनए परीक्षा पुण्यात दिली काय किंवा फ्रँकफर्टला दिली काय, वेळ १२० मिनिटांचाच, अभ्यासक्रम तोच आणि हाती पडणारे प्रमाणपत्रही तेच. पिअर्सन व्ह्यू या कंपनीची परीक्षा केंद्रे आपल्याकडच्या मोठ्या शहरांत आहेत. कित्येक परीक्षा तर घरी, वेबकॅमेऱ्यासमोर बसून देता येतात. ॲमेझॉन वेब सर्व्हिसेस, मायक्रोसॉफ्ट, कॉम्पटिया यांच्या परीक्षांचेही असेच आहे. तरीही ‘परदेशात जाऊन आयटी सर्टिफिकेशन करा, पदवीची गरज नाही’ अशा जाहिराती बारावी झालेल्या, डिप्लोमा केलेल्या किंवा इंजिनीअरिंग अर्ध्यावर सोडलेल्या मुलांच्या मोबाइलवर येऊन आदळतात, आणि घरचे लोक कर्जाची चौकशी करू लागतात.

जाहिरातीतले अर्धे विधान खरे आहे. पदवी नसताना परदेशात आयटीत शिरता येते. मात्र त्यासाठी कंपन्यांची प्रमाणपत्रे मिळवायला विमानाचे तिकीट काढावे लागत नाही, आणि नुसत्या त्या प्रमाणपत्रांवर व्हिसाही मिळत नाही. व्हिसाच्या फाइलमध्ये वजन पडते ते सरकारमान्य प्रशिक्षणाचे किंवा कागदावर सिद्ध होणाऱ्या अनुभवाचे. अमेरिकेत एच-वन-बी व्हिसासाठी पदवी किंवा तिच्या तोडीची पात्रता लागते. ही तोड मोजताना पदवीच्या एका वर्षाच्या बदल्यात कामाची तीन वर्षे धरतात. चार वर्षांच्या पदवीऐवजी बारा वर्षांचा अनुभव दाखवा, असा हा हिशेब आहे. जर्मनीने मात्र पदवी नसलेल्या आयटीवाल्यांसाठी कायद्यातच वेगळ्या तरतुदी करून ठेवल्या आहेत. त्यामुळे मराठी घरातल्या उमेदवाराने विचार करायचा तर आधी जर्मनीचा करावा.

जुनी गरज, नवे नियम

पदवीची अट जर्मनीने पहिल्यांदा सैल केली ती पंचवीस वर्षांपूर्वी. ऑगस्ट २००० मध्ये चान्सलर गेरहार्ड श्रोडर यांच्या सरकारने परदेशी संगणक तज्ज्ञांसाठी ‘ग्रीन कार्ड’ योजना आणली. आयटीची पदवी दाखवा, नाहीतर वर्षाला किमान १ लाख मार्क पगार देणारी नोकरी दाखवा, अशी तिची अट होती. विरोधही जोरदार झाला. नॉर्थ ऱ्हाइन-वेस्टफालिया राज्यातल्या निवडणुकीत युर्गेन रुटगर्स यांच्या प्रचारातली ‘भारतीयांऐवजी आपली मुले’ अशा अर्थाची घोषणा देशभर गाजली. योजना २००४ अखेर बंद झाली. माणसांची टंचाई मात्र संपली नाही.

डिसेंबर २०२२ मध्ये भारत आणि जर्मनी यांच्यात स्थलांतरविषयक करार झाला. नोव्हेंबर २०२३ ते जून २०२४ या काळात कुशल कामगारांविषयीच्या कायद्यातल्या सुधारणा टप्प्याटप्प्याने लागू झाल्या. ऑक्टोबर २०२४ मध्ये जर्मनीने कुशल भारतीयांसाठीच्या व्हिसांची वार्षिक संख्या २० हजारांवरून ९० हजारांवर नेण्याची घोषणा केली. हे आकडे सगळ्या व्यवसायांचे मिळून आहेत. आयटीपुरते बोलायचे तर चित्र थोडे सावध आहे. बिटकॉम या तिथल्या डिजिटल उद्योगांच्या संघटनेने २०२३ अखेर आयटीत १,४९,००० जागा रिकाम्या असल्याचे सांगितले होते. २०२५ मध्ये हा आकडा १,०९,००० वर आला. जागा अजूनही भरपूर आहेत, पण ‘कोणीही या, बसा खुर्चीवर’ असे दिवस उरलेले नाहीत.

शिकता शिकता विद्यावेतन

बारावीनंतर थेट जायचे असेल, तर आउसबिल्डुंग ही जर्मनीतली व्यवसाय प्रशिक्षणाची पद्धत नीट समजून घ्यावी लागते. यात उमेदवार एका कंपनीशी प्रशिक्षणाचा करार करतो. आठवड्यातले तीन-चार दिवस कंपनीत काम आणि एक-दोन दिवस सरकारी व्यवसाय शाळेत वर्ग, अशी साधारण विभागणी असते. काही राज्यांत शाळेचे आठवडे सलग घेतात. असे तीनशेहून अधिक मान्यताप्राप्त व्यवसाय आहेत. आयटीतला त्यांपैकी सर्वांत ओळखीचा म्हणजे फाखइन्फॉर्माटिकर. तो १९९७ मध्ये सुरू झाला आणि ऑगस्ट २०२० पासून त्याच्या चार शाखा आहेत: सॉफ्टवेअर विकास, सिस्टीम इंटिग्रेशन, डेटा व प्रक्रिया विश्लेषण आणि डिजिटल नेटवर्किंग. मुदत तीन वर्षांची. सरकारी व्यवसाय शाळेत फी नाही, उलट कंपनी दरमहा विद्यावेतन देते.

हे विद्यावेतन किती? २०२६ मध्ये सुरू होणाऱ्या प्रशिक्षणासाठी कायद्याने ठरलेली किमान रक्कम पहिल्या वर्षी दरमहा ७२४ युरो आहे. दुसऱ्या वर्षी ती १८ टक्क्यांनी आणि तिसऱ्या वर्षी पहिल्या वर्षाच्या तुलनेत ३५ टक्क्यांनी वाढते. आयटीत प्रत्यक्षात बऱ्याचदा याहून जास्त मिळते. नगरपालिका आणि सरकारी कार्यालयांत एप्रिल २०२५ पासून पहिल्या वर्षाचे विद्यावेतन १,२९३ युरो झाले. त्यातून आरोग्य विमा, पेन्शन वगैरेंसाठी साधारण पाचवा हिस्सा कापला जातो. उरलेल्या पैशात लहान शहरात सामायिक घरातली खोली घेऊन ओढाताणीने भागते. म्युनिकमध्ये भागत नाही. म्हणून अर्ज करताना कंपनीच्या नावाइतकेच गावाच्या नावाकडेही लक्ष द्यावे. विद्यावेतन अपुरे आहे असे दूतावासाला वाटले, तर उरलेली रक्कम ब्लॉक्ड अकाउंटमध्ये, म्हणजे राहण्याच्या खर्चासाठी पैसे राखून ठेवण्याच्या खात्यात, भरून दाखवावी लागते. प्रशिक्षणाबरोबर आठवड्याला २० तासांपर्यंत दुसरे काम करायची परवानगी आहे, पण दिवसभर काम आणि संध्याकाळी जर्मन पुस्तके असा दिनक्रम असताना ते २० तास कोठून आणायचे, हा प्रश्न उरतोच.

पदवीचा प्रश्न येथे उद्भवत नाही. ठरावीक टक्क्यांची अटही कायद्यात नाही. निवड कंपनी करते आणि ती दहावी-बारावीच्या गुणपत्रिकेत गणित आणि इंग्रजी बघते, स्वतः केलेली छोटी कामे विचारते आणि जर्मन भाषेत मुलाखत घेते.

खरा अडसर भाषेचा

व्हिसासाठी जर्मनची बी-१ पातळी सर्वसाधारणपणे लागते. वर्गात बसून समजायचे तर बी-२ हवी. आयटीत सगळे इंग्रजीत चालते, हा समज येथे मोडतो. शेवटची परीक्षा पाहिली की कारण कळते.

ही परीक्षा उद्योग व व्यापार मंडळ, म्हणजे आयएचके घेते. पहिला भाग साधारण दीड वर्षाने होतो: ९० मिनिटांची लेखी परीक्षा, विषय एका कर्मचाऱ्यासाठी संगणकाची जागा उभी करणे. त्याचे वजन २० टक्के. दुसऱ्या भागात तीन लेखी पेपर असतात. त्यांतला एक अर्थ व समाज या विषयाचा असतो आणि त्यात कामगार कायदा, सामाजिक विमा, कामगार प्रतिनिधींचे हक्क यांवर प्रश्न येतात. एकूण गुणांतला अर्धा वाटा मात्र प्रकल्पाचा. सिस्टीम इंटिग्रेशनच्या उमेदवाराला ४० तास मिळतात, सॉफ्टवेअरच्या उमेदवाराला ८०. समजा, कंपनीच्या एखाद्या ग्राहकाचा बॅकअप सर्व्हर बदलायचा आहे. उमेदवाराने आधी प्रस्ताव लिहून मंडळाची मंजुरी घ्यायची, मग काम करायचे, कोणता पर्याय का निवडला आणि त्याचा खर्च किती हे मांडणारा अहवाल लिहायचा. त्यानंतर परीक्षकांच्या समितीपुढे १५ मिनिटे सादरीकरण आणि तेवढाच वेळ प्रश्नोत्तरे. ‘हेच सॉफ्टवेअर का? स्वस्तातले का नाही घेतले?’ असे परीक्षक विचारतात तेव्हा उत्तर जर्मनमध्येच द्यायचे असते.

भाषेची सोय आपल्याकडे चांगली आहे. पुणे आणि मुंबई येथील मॅक्समुल्लर भवनात, म्हणजे गोएथे इन्स्टिट्यूटमध्ये, वर्गही होतात आणि परीक्षाही. पुण्यात विद्यापीठाचा परकीय भाषा विभाग, म्हणजे सगळ्यांच्या तोंडी असलेली रानडे इन्स्टिट्यूट, अनेक दशके जर्मन शिकवत आली आहे. गोएथेच्या बी-१ परीक्षेचे वाचन, श्रवण, लेखन आणि संभाषण असे चार स्वतंत्र भाग आहेत. प्रत्येकात ६० टक्के लागतात आणि एखादा राहिला तर तेवढाच पुन्हा देता येतो. शून्यापासून बी-१ पर्यंत जायला नियमित अभ्यास करणाऱ्याला वर्षभर धरावे. ‘तीन महिन्यांत बी-१’ सांगणाऱ्या क्लासला फी भरण्याआधी त्याचे किती विद्यार्थी चारही भाग उत्तीर्ण झाले, एवढे विचारून घ्यावे.

कंपनी मिळालेली नाही, पण भाषा आली आहे, अशांसाठी प्रशिक्षणाची जागा शोधायला येण्याचाही व्हिसा आहे. वय ३५ च्या आत, बी-१ जर्मन, उच्च शिक्षणाला पात्र ठरवणारी शालेय परीक्षा उत्तीर्ण आणि राहण्याखाण्याचे पैसे स्वतःकडे, या त्याच्या अटी. मुदत नऊ महिने. हा खर्च अंगावर घेण्यापेक्षा अर्ज भारतातूनच करत राहणे बहुतेकांना परवडते.

हाताशी अनुभव असेल तर

आता दुसरा उमेदवार डोळ्यांसमोर आणावा. इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षात गाडी अडकली, ठाण्यातल्या एका छोट्या कंपनीत चार वर्षे नेटवर्कचे काम केले, आज वय २७. याने तीन वर्षे विद्यावेतनावर काढण्याची गरज नाही. त्याच्यासाठी जर्मन कायद्यात दोन दारे आहेत.

पहिले दार आयटीतल्या अनुभवी लोकांच्या व्हिसाचे. गेल्या पाच वर्षांत आयटीतला किमान दोन वर्षांचा अनुभव आणि जर्मनीतल्या कंपनीचे नोकरीचे पत्र, एवढ्यावर अर्ज करता येतो. इतर व्यवसायांत सरकारमान्य व्यवसाय शिक्षणाचा कागद मागतात; आयटीला त्यातून सूट आहे. जर्मन भाषेचा दाखलाही व्हिसासाठी लागत नाही. पगाराची किमान मर्यादा मात्र आहे: २०२६ साठी वर्षाला ४५,६३० युरो. दुसरे दार युरोपीय संघाच्या ब्लू कार्डचे. नोव्हेंबर २०२३ पासून जर्मनीने ते पदवी नसलेल्या आयटी तज्ज्ञांनाही खुले केले. त्यासाठी गेल्या सात वर्षांत किमान तीन वर्षांचा, पदवीधराच्या तोडीच्या कामाचा अनुभव लागतो. २०२६ ची पगाराची मर्यादा आहे ४५,९३४ युरो २० सेंट. दोन मर्यादांत फरक तीनशे युरोंचा, पण ब्लू कार्डवर बी-१ जर्मन असल्यास २१ महिन्यांत कायम वास्तव्य मिळू शकते आणि ए-१ असल्यास २७ महिन्यांत. म्हणून अनुभव बसत असेल तर कंपनीशी बोलताना ब्लू कार्डाचाच आग्रह धरावा. या मर्यादा दर जानेवारीला बदलतात.

अर्ज अडतो तो बहुधा अनुभवाच्या पत्रावर. आपल्याकडे अशी पत्रे दोन ओळींची असतात: ‘अमुक यांनी आमच्याकडे एक्झिक्युटिव्ह म्हणून काम केले, त्यांची वर्तणूक चांगली होती.’ वर्तणुकीशी जर्मन अधिकाऱ्याला देणेघेणे नसते. त्याला रुजू होण्याची आणि सोडण्याची तारीख, पूर्णवेळ की अर्धवेळ, आठवड्याचे तास आणि रोजचे काम काय होते हे वाचायचे असते. ‘६० संगणकांच्या कार्यालयाचे नेटवर्क सांभाळले, फायरवॉलचे नियम लिहिले, सर्व्हर नव्या आवृत्तीवर नेले’ अशा ओळी पत्रात हव्यात. जोडीला पगारपावत्या, फॉर्म १६, भविष्य निर्वाह निधीचे पासबुक जोडावे. रोखीने पगार घेऊन केलेल्या कामाचा मागमूस कोणत्याच कागदावर उरत नाही. फ्रीलान्स काम करणाऱ्याने करार, बिले आणि आयकर विवरणपत्रे पहिल्या दिवसापासून जपावीत.

पदवीशिवाय असा अनुभव भारतात मिळवण्याच्या रीतसर सोयीही आहेत. एचसीएल कंपनीचा टेकबी हा कार्यक्रम गणित घेऊन बारावी झालेल्यांना प्रशिक्षण देऊन कामावर घेतो. चेन्नईच्या झोहो कंपनीने बारावी आणि डिप्लोमावाल्यांसाठी स्वतःची शाळा काढली आणि तिथून आलेल्यांना आपल्याच संघांत घेतले. तिथे घालवलेली तीन-चार वर्षे ब्लू कार्डच्या फाइलमध्ये उपयोगी पडू शकतात.

डिप्लोमा आणि आयटीआयवाल्यांनी काय पाहावे

जून २०२४ पासून जर्मनीने गुणांवर आधारित चान्सेनकार्टे सुरू केले. हातात नोकरी नसताना वर्षभर राहून ती शोधायची मुभा त्यात आहे, आणि त्या काळात आठवड्याला २० तास काम करता येते. येथेही पदवी सक्तीची नाही. तिच्याऐवजी आपल्या देशात सरकारमान्य असलेला, किमान दोन वर्षांचा व्यवसाय अभ्यासक्रम चालतो. शिवाय जर्मनची ए-१ किंवा इंग्रजीची बी-२ पातळी, वय, अनुभव वगैरेंचे मिळून सहा गुण आणि वर्षभराच्या खर्चाची तजवीज लागते.

तंत्रशिक्षण मंडळाचा तीन वर्षांचा डिप्लोमा असलेल्याला कालावधीची अडचण येत नाही. आयटीआयमधला संगणकाचा लोकप्रिय ट्रेड, कोपा, मात्र एका वर्षाचा आहे आणि तो या अटीत बसत नाही. गल्लीतल्या संस्थेचे ‘दोन वर्षांचे ॲडव्हान्स डिप्लोमा’ही सरकारमान्यता नसल्याने बाद होतात. चान्सेनकार्टेवर जाणाऱ्याने आणखी एक गोष्ट मनाशी पक्की करावी: वर्षभरात पूर्ण पगाराची नोकरी लागली नाही, तर खर्च केलेले पैसे परत येत नाहीत.

महाराष्ट्र सरकारने २०२४ मध्ये बाडेन-व्युर्टेमबर्ग या जर्मन राज्याशी कुशल मनुष्यबळाविषयी करार केला, तेव्हा त्याची बरीच चर्चा झाली. त्या योजनेचा भर परिचर्या, हॉटेल, वीजजोडणी, वाहनचालन अशा कामांवर होता. आयटीचा उमेदवार तिच्या भरवशावर थांबला, तर हातातला वेळ जाईल.

मग सर्टिफिकेशन कशासाठी?

कंपनीच्या मुलाखतीपर्यंत पोहोचण्यासाठी. पदवीची ओळ रिकामी असलेल्या बायोडेटावर सीसीएनए किंवा रेड हॅटचे आरएचसीएसए दिसले, की वाचणारा थांबतो. आरएचसीएसएचे वजन अधिक, कारण त्या परीक्षेत पर्यायांवर टिचक्या मारायच्या नसतात. चालू लिनक्स यंत्रावर प्रत्यक्ष काम करून दाखवावे लागते. सीसीएनएची फी ३०० डॉलर, एडब्ल्यूएसच्या पायाभूत परीक्षेची १०० आणि सोल्यूशन्स आर्किटेक्ट असोसिएटची १५० डॉलर. सिस्को, एडब्ल्यूएस आणि कॉम्पटियाची प्रमुख प्रमाणपत्रे तीन वर्षे चालतात. मायक्रोसॉफ्टची असोसिएट पातळीची प्रमाणपत्रे दरवर्षी नवी करावी लागतात, पण ते ऑनलाइन आणि मोफत होते. सहा पायाभूत प्रमाणपत्रे गोळा करण्यापेक्षा एकाच दिशेची दोन घ्यावीत आणि त्याच विषयातले स्वतःचे काम गिटहबवर ठेवावे.

पॅरिसमध्ये २०१३ साली झेवियर नील यांनी सुरू केलेली ‘४२’ ही शाळाही अनेकांनी ऐकलेली असते. तिथे फी नाही, शिक्षक नाहीत, पदवी मागत नाहीत. चार आठवड्यांच्या खडतर निवडफेरीतून विद्यार्थी घेतात. युरोपात इतरत्रही तिच्या शाखा निघाल्या. युरोपाबाहेरच्या विद्यार्थ्याने मात्र प्रवेशाआधी व्हिसाची चौकशी त्या देशाच्या दूतावासात करावी, आणि राहण्याचा खर्च स्वतःचा स्वतः करायचा हे लक्षात ठेवावे.

पैसे कोणाला द्यायचे, कोणाला नाही

प्रशिक्षण देणारी जर्मन कंपनी उमेदवाराकडून पैसे घेत नाही, ती पैसे देते. जागा ‘विकत’ देणारा माणूस भेटला, की तिथेच उठावे. जागा शोधायला मेक इट इन जर्मनी हे जर्मन सरकारचे संकेतस्थळ, तिथल्या रोजगार संस्थेचे संकेतस्थळ आणि आयएचकेची प्रशिक्षण जागांची यादी पुरेशी आहे, तिन्ही मोफत. भरती एजंटाची मदत घ्यायचीच झाली, तर त्याचे नाव परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर नोंदलेले आहे का हे तपासावे. १९८३ च्या उत्प्रवास कायद्याखाली नोंदणी झालेल्या एजंटाला उमेदवाराकडून ३०,००० रुपये आणि वर जीएसटी, यापेक्षा जास्त सेवाशुल्क घेता येत नाही.

करार हातात आल्यावर त्यात प्रशिक्षणाची मुदत, दर वर्षाचे विद्यावेतन, रोजचे तास, सुट्ट्या आणि उमेदवारीचा परीक्षाकाळ लिहिलेला आहे का ते पाहावे. हा परीक्षाकाळ कमीत कमी एक आणि जास्तीत जास्त चार महिन्यांचा असतो, आणि त्या काळात दोन्ही बाजूंना विनासूचना करार मोडता येतो. उमेदवाराची चूक नसताना प्रशिक्षण तुटले, तर दुसरी जागा शोधायला सहा महिन्यांपर्यंत मुदत मिळते. तीन वर्षे पूर्ण करून त्याच व्यवसायात नोकरीला लागलेल्याला, दोन वर्षे पेन्शनची वर्गणी भरल्यावर, कायम वास्तव्यासाठी अर्ज करता येतो.

वर्षाचे वेळापत्रक

नवी प्रशिक्षणे १ ऑगस्ट किंवा १ सप्टेंबरला सुरू होतात. मोठ्या कंपन्या त्याच्या वर्षभर आधी निवड सुरू करतात, छोट्या कंपन्या वसंतापर्यंत जागा भरत राहतात. बारावीची परीक्षा मार्चमध्ये देणाऱ्याने म्हणूनच लगेच पुढच्या ऑगस्टचे स्वप्न पाहू नये. पहिले वर्ष भाषेला द्यावे, ए-२ झाल्यावर जर्मनमधला बायोडेटा आणि अर्जाचे पत्र तयार करावे आणि ऑक्टोबरपासून अर्ज पाठवायला लागावे. प्रत्येक कंपनीसाठी पत्र वेगळे लिहावे. तेच पत्र पन्नास ठिकाणी धाडलेले जर्मन वाचकाला पहिल्या परिच्छेदात कळते.

महाराष्ट्र आणि गोव्यातले अर्ज मुंबईच्या जर्मन वाणिज्य दूतावासाच्या कक्षेत येतात. दीर्घ मुदतीच्या व्हिसाची फी ७५ युरो आहे. करार, विद्यावेतनाचा तपशील, बी-१ प्रमाणपत्र, भाषांतरासह गुणपत्रिका आणि आपल्याला हे प्रशिक्षण का हवे हे सांगणारे पत्र एवढी फाइल एप्रिलपर्यंत तयार झाली, तर ऑगस्टची तारीख गाठता येते. ती हुकण्याची चिन्हे दिसली, तर कंपनीला तसे लगेच लेखी कळवून सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये रुजू होण्याची परवानगी मागावी. कंपनी राजी झाली तर तारीख बदललेला करार आयएचकेकडे नोंदवून घ्यावा आणि त्याची प्रत दूतावासातल्या फाइलला जोडावी.